निगा आणि निर्मिती : जुन्या गाडीच्या सांध्यांविषयी

मराठीत 'सस्पेन्शन' हा शब्द दोन ठिकाणी कानावर येतो : सरकारी कचेरीत आणि मोटारीच्या गॅरेजात. कचेरीतल्या सस्पेन्शनला 'निलंबन' हा प्रतिशब्द मिळाला आणि वर्तमानपत्रांनी तो इतका रुळवला की आता तो परका वाटत नाही. गॅरेजातले सस्पेन्शन मात्र सस्पेन्शनच राहिले. घोडागाडीच्या काळातली 'कमान' ट्रकच्या पाट्यांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. भाषाशुद्धीची तक्रार म्हणून मी हे नोंदवत नाही. बुश, आर्म, जॉइंट हे शब्द आता आपलेच आहेत. प्रश्न वेगळा आहे. या शब्दांभोवती जे ज्ञान उभे आहे, त्याला आपल्या लिहित्या समाजाने कधी ज्ञान मानले आहे काय? माझ्या मते मानलेले नाही, आणि त्याचे कारण आपल्या वाङ्मयीन मूल्यव्यवस्थेतही आहे. आपण निर्मितीची मीमांसा भरपूर केली, निगेची फारशी केली नाही.

उदाहरण मुद्दाम असे घेतो की ज्याकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळणार नाही. मर्सिडीज-बेंझने तेव्हाच्या टेल्कोशी भागीदारी करून १९९५ साली पिंपरीत आपली ई-क्लास गाडी जुळवायला सुरुवात केली. कंपनीच्या भाषेत ती 'डब्ल्यू १२४'. युरोपात ती १९८४च्या अखेरीस आली होती. उदारीकरणानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या धनिकतेची ती दृश्य खूण झाली. आज त्या गाड्या तिशीला टेकल्या आहेत. अशा गाडीचे एक वैशिष्ट्य असते : तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत त्या प्रमाणात उतरत नाही. म्हणून शहरात ज्याला ती परवडत होती त्याने ती सोडलेली असते, आणि दूर कुठे तरी ज्याला ती विकत घेणे परवडले त्याला ती सांभाळणे परवडेलच असे नसते.

ही गाडी मालवणच्या किनाऱ्यावर असेल तर प्रश्न आणखी तीव्र होतो. पावसाळ्यात मुसळधार पाऊस, बारा महिने खारी हवा, गावाच्या आतल्या वाटांवर जांभ्याचा खडबडीतपणा, आणि घाटमाथ्यावर जायचे तर करूळ, फोंडा किंवा आंबोलीची वळणे. गंज पत्र्याला लागतो तो दिसतो. गाडीच्या पोटाखाली जे झिजते ते दिसत नाही. आलिशान गाडीचा आलिशानपणा आपण कातडी आसनांत आणि लाकडी सजावटीत पाहतो. प्रत्यक्षात रस्ता प्रवाशापर्यंत पोचू नये ही जी त्या गाडीची मुख्य प्रतिज्ञा, ती पाळतात स्प्रिंगा, शॉकअब आणि बोटभर जाडीची रबरे. डब्ल्यू १२४च्या पुढच्या प्रत्येक चाकाला एक लोअर आर्म असतो. त्याच्या आतल्या बाजूला दोन रबरी बुश, बाहेरच्या बाजूला बॉल जॉइंट. मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांडे धरून ठेवतात आणि त्यांच्या टोकांशी पुन्हा रबर किंवा गोल सांधा. ही रचना कंपनीने १९८२मध्ये आपल्या लहान गाडीत प्रथम आणली आणि मग इथे वापरली. तिशीतल्या गाडीत यांपैकी प्रत्येक सांधा थोडाथोडा म्हातारा झालेला असतो. एकही तुटलेला नसतो, आणि तरी गाडी पूर्वीची राहिलेली नसते.

अशा वेळी मेस्त्री जे करतो त्याला मी वाचन म्हणतो. "आवाज खंयसून येता?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. खड्ड्यावर येतो की वळणावर, ब्रेक दाबल्यावर की गाडी सुरू करताना, हे तो विचारतो. खडखड असेल तर एक अर्थ, करकर असेल तर दुसरा. मग गाडी जॅकवर चढवून चाक दोन्ही हातांनी हलवून पाहतो, पहारीने आर्म उचकून रबर किती सरकते ते बघतो. आवाज एका ठिकाणी उमटतो आणि दोष दुसरीकडे असतो, हे त्याला ठाऊक असते. ज्याला आपण वर्गात संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो, त्याहून ही क्रिया जातीने वेगळी नाही. फरक इतकाच की इथे वाचन चुकले तर उतारावर चाक निखळू शकते.

वाचन झाले की निवड येते. कंपनीच्या शिक्क्याचा भाग मागवावा, तर किंमत डोळे दिपवते. दुसऱ्या उत्पादकाचा घ्यावा, तर त्याचे रबर अधिक कडक किंवा अधिक मऊ असू शकते. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून उतरवलेला आर्म आणावा, तर तो दुसऱ्या म्हाताऱ्या गाडीचा अवयव असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुशची लोखंडी कडी कातून घेता येते. रबराऐवजी पॉलियुरेथेन बसवले तर ते जास्त टिकते, पण रस्त्याची थरथर आत येऊ देते. म्हणजे गाडी दुरुस्त होते आणि तिचा स्वभाव बदलतो. मूळ कशाला म्हणायचे, मुळाशी इमान राखायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न इथे तत्त्वचर्चेतून येत नाही. तो पान्यासकट हातात येतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. सुमारे तीनशे वर्षांच्या नकलांमध्ये झिजलेले, घुसडलेले, सरकलेले पाठ त्यांनी पारखले आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. आपण एकनाथांना भागवताचे, भारुडांचे आणि रामायणाचे कवी म्हणून जितके शिकवतो, तितके निगा राखणारा म्हणून शिकवत नाही. खरे तर त्यांच्या त्या कामावाचून आपल्या परंपरेच्या मध्यभागी असलेल्या ग्रंथाचे काय झाले असते, हा विचार करण्यासारखा आहे. पुढे १९०९मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी संहिता पुढे आणली, तेव्हा वाद झाला तोही हाच : झिजलेला कोणता सांधा बदलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा. पाठशुद्धी करणाऱ्याची परीक्षा तो काय नवे लिहितो यावर होत नाही. काय सोडून द्यायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्याला किती कळते यावर होते. निगेच्या मुळाशी हा विवेक असतो.

हा विवेक भागासोबत डब्यात येत नाही. एकच तपशील पाहा. बुशच्या आतली नळी आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर पक्के चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते आणि पुढे चाक वरखाली होते तेव्हा रबरच पिळ सोसते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पुरता आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा महागडा भाग लवकर फाटतो. म्हणून शेवटचा फेरा गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळायचा असतो. भाग अस्सल, हात घाईचा, की काम फुकट. अनेक पोरगेलेसे फिटर हे ऐकून शिकतात, कोणी सांगितले नाही तर शिकत नाहीत. मराठीत ते कुठे लिहिलेले त्यांच्या हाती पडत नाही.

समीक्षेचा मोटारीशी संबंध कधी आलाच नाही असे नाही. रोलाँ बार्थ यांच्या १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सित्रोएन डीएस या गाडीवरचा लेख आहे. ही गाडी १९५५च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात आली होती. बार्थ यांनी तिच्या भागांच्या जोडणीकडे, काचेकडे, प्रदर्शनातल्या लोकांच्या स्पर्शाकडे बारकाईने पाहिले. पण ती गाडी नवी होती आणि प्रदर्शनात होती. तिचे सस्पेन्शन स्प्रिंगांवर नव्हे, तर नायट्रोजन वायूच्या गोळ्यांवर आणि दाबाखालच्या तेलावर चाले; त्या गोळ्यांतला वायू काळाने झिरपून जातो आणि गाडी कठीण होते. त्या वयातल्या डीएसवर बार्थ यांचा लेख नाही. एका लेखकाला दोष द्यावा असे यात काही नाही. वस्तूच्या आयुष्यातला जो सगळ्यांत लहान काळ, नवेपणाचा, तोच बहुधा चिंतनाचा विषय होतो, एवढेच यातून दिसते. आपल्याकडेही पुस्तकाच्या प्रकाशनाचे वृत्त येते, पाचव्या आवृत्तीतले मुद्रणदोष कोणी दुरुस्त केले याचे येत नाही.

आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जुनी आलिशान गाडी सांभाळणे ही हौस आहे; ती धूर सोडते; झिजलेला बॉल जॉइंट माणसे मारू शकतो; मग ती भंगारात का जाऊ नये? केंद्र सरकारचे वाहन भंगार धोरण ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर झाले. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. प्रत्येक जुनी गाडी वाचवावी असे माझे म्हणणे नाही. उलट निगेचा विवेक हेच सांगतो की बॉल जॉइंट डागडुजी करून चालवायचा नसतो, तो बदलायचाच असतो; चौकट गंजली असेल तर बुश बदलण्यात अर्थ नसतो. पण गाडीची योग्यता वयावरून ठरवायची की तपासणीवरून, हा प्रश्न उरतो. तपासणीवरून ठरवायची, तर तपासणारा शिल्लक हवा.

नेमका तोच कमी होत चालला आहे. नंतरच्या आलिशान गाड्यांत स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या आल्या. १९९८च्या एस-क्लासपासून त्यांची उंची संगणक ठरवू लागला. पिशवी गळू लागली की सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते, आणि दोष वाचायला कान पुरेसा होत नाही, कंपनीचे यंत्र लागते. कित्येक गाड्यांत बुश सुटा मिळतच नाही, आख्खा आर्म घ्यावा लागतो. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत मोटारी होत्या, आणि त्याच डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. हक्क कागदावर येणे चांगलेच. पण दुरुस्तीचा हक्क मिळेपर्यंत दुरुस्ती येणारे हात विसरलेले असतील, तर तो हक्क वापरणार कोण?

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याचा संबंध येतो असे मला वाटते. सिंधुदुर्गात लाकडी होडीच्या डागडुजीचे शब्द, नांगराचे शब्द, गवंड्याचे शब्द गोळा करण्याला आपण लोकसाहित्याचा अभ्यास म्हणतो आणि ते योग्यच आहे. कुडाळ-कणकवलीच्या गॅरेजातला साठीचा मेस्त्री आवाजांना जी नावे देतो, बुश 'मेला' की 'बसला' यांत जो फरक करतो, तो संग्रह कोणी केला आहे का? इंग्रजी शब्दांनी भरलेली म्हणून ती भाषा आपल्याला अभ्यासाबाहेरची वाटते. त्या इंग्रजी नामांना जोडलेली क्रियापदे ऐका : आवळणे, उचकणे, पिळणे, सरकणे, बसणे, सुटणे. ती सगळी मराठी आहेत, आणि ज्ञान त्या क्रियापदांत आहे. पदव्युत्तर वर्गाच्या एखाद्या प्रकल्पाला हा विषय पुरेल. मेस्त्री निवृत्त होण्याच्या आत तो घेतला जावा.