डोंगराचे पाणी व कोरकूंचे शेत

वाण व शहानूर या नद्या मेळघाटच्या डोंगरांतून पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. त्यांवरील धरणांनी तेल्हारा व अंजनगावकडील शेते भिजतात, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु डोंगरावरील कोरकू बांधवांची शेती बहुतांशी पावसावरच अवलंबून आहे. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्यान्वये लहान तलाव व लहान कालव्यांसाठी, प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन लागत असल्यास व हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटत नसल्यास, ग्रामसभेच्या शिफारशीने परवानगी मिळू शकते. आमचे आयुष्य दप्तरात गेले. ठरावावाचून कागद हललेला आम्ही पाहिला नाही. तरी मेळघाटातील ग्रामसभांनी जागा हेरून असे ठराव सत्वर करावेत, आणि खालच्या बागाइतदारांनी त्या मागणीवर आपल्याही सह्या घालाव्यात.