मिठाचा हिशेब

वाचकहो, दिवाळी म्हणजे जुने हिशेब मिटवण्याचे दिवस. म्हणून माझ्या नावावरचे एक देणे आज चारचौघांत कबूल करून टाकतो.

आमची नात नववीत आहे. सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री तिने विचारले, "आजोबा, ५.८५ ग्रॅम मिठात इलेक्ट्रॉन किती?" मी चाळीस वर्षे हिशेबखात्यात काढलेला माणूस. 'येत नाही' म्हणायची जिभेला सवयच नाही! सोडियमचा अणुअंक ११, क्लोरीनचा १७, बेरीज २८. "पण मीठ होताना सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो ना? मग तो वजा कर. दर जोडीला सत्तावीस!" मी ठणकावून सांगितले. पोरीने तसेच लिहिले आणि गुण गमावून बसली.

पेपर हाती आल्यावर ती एवढेच म्हणाली, "मला विज्ञान जमायचे नाही." माझे नाव तिने ना शाळेत काढले, ना घरात. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून तिचे पुस्तक उघडले.

चूक सापडली तेव्हा मान खाली गेली. सोडियमने दिलेला इलेक्ट्रॉन रस्त्यावर थोडाच पडतो? तो क्लोरीन घेतो. सोडियमकडे उरतात १०, क्लोरीनकडे होतात १८. बेरीज पुन्हा २८च. रक्कम एका खात्यातून निघून दुसऱ्यात जमा झाली, तर पेढीची शिल्लक कमी होत नाही. हे मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवले!

पुढचे गणित सोपे निघाले. डझन म्हटले की बारा, तसे मोल म्हटले की ६.०२२ × १०²³. या संख्येला ॲव्होगाड्रोचे नाव आहे, पण ती त्याने काढलेली नाही. हे नाव पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ साली सुचवले. २०१९ पासून तर मोलची व्याख्याच ही संख्या नेमकी ठरवून केली आहे. मिठाचा एक मोल भरतो ५८.५ ग्रॅम. तेव्हा ५.८५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ, हा मोलचा दहावा भाग. त्यात सोडियम-क्लोरीनच्या ६.०२२ × १०²² जोड्या. त्याला २८ने गुणले की इलेक्ट्रॉन झाले सुमारे १.६८६ × १०²⁴.

आमची ही चिवड्याला फोडणी देत होती. नातीला तिथेच बोलावले, मिठाचा चमचा पुढे धरला आणि हिच्यासमक्ष सांगितले, "बाळ, तुझे काही चुकले नव्हते. चूक माझी होती."

ती क्षणभर गप्प राहिली. मग बोटांवर मोजत म्हणाली, "म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचे आठ. १८ ग्रॅम पाण्यात इलेक्ट्रॉनचे दहा मोल. बरोबर?"

"बरोबर वाटते," मी म्हटले, "पण थांब, आधी पुस्तक पाहू."