पुरावा फक्त नागरिकानेच द्यायचा?

बीड तालुक्यातील नेकनूर परिसरात एखाद्या बंजारा किंवा वंजारी कुटुंबातील मुलाला जातीचा दाखला हवा असेल, तर आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा त्याला द्यावा लागतो. इतर मागासवर्गीयांसाठी हीच तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडात गेलेले असतात. मागे राहिलेला मुलगा आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, खासरा पत्रक, पाहणी पत्रक यांच्या नकला मिळवण्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत असतो. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर आजोबांच्या भावाचा शोध सुरू होतो.

मराठवाड्याने हा अनुभव २०२३ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर घेतला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरांवरची धूळ झटकली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांना अचानक मागणी आली. आपला पणजोबा कोण होता, हे सिद्ध करण्यासाठी लाखो मराठी शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीचे कागद धुंडाळले. ‘हा माणूस इथलाच आहे, हे सर्वांना ठाऊक आहे, मग पुरावा कशाला?’ असे त्या वेळी एकाही विचारवंताने म्हटले नाही.

हाच प्रश्न बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांबाबत उपस्थित झाला, की चर्चेचा सूर पालटतो. २०२५ च्या प्रारंभापासून मुंबई, ठाणे आणि राज्याच्या अन्य भागांत बांगलादेशी घुसखोरांच्या शोधमोहिमेने वेग घेतला. त्यासरशी प्रतिवादही सुरू झाला : ही माणसे दहा-दहा, वीस-वीस वर्षे इथे राहिली आहेत, गरिबांकडे कागद कुठून असणार, आता त्यांना घालवणे अमानुष आहे. हे युक्तिवाद करुणेच्या भाषेत मांडले जातात, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे. परंतु उत्तर देताना एक मूलभूत प्रश्न नजरेआड होता कामा नये. नेकनूरच्या नागरिकाने तीन पिढ्यांचा पुरावा द्यायचा आणि सीमा ओलांडून आलेल्याने एका पिढीचाही द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

पहिला युक्तिवाद दीर्घ वास्तव्याचा. ‘बारा वर्षे कब्जा’ हा शब्दप्रयोग खेड्यातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. परंतु मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात हा नियम खाजगी मालमत्तेपुरता आहे. सरकारी जमिनीच्या बाबतीत तीच मुदत ३० वर्षांची होते. सरकारी पडीक जमीनही बारा वर्षांत कुणाची होत नाही, मग नागरिकत्व कसे होईल? दीर्घ वास्तव्याला मान देणारा मार्ग आपल्या कायद्यात नाही, असेही नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार कायदेशीर परवान्यावर आलेला परदेशी माणूस साधारणपणे बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. मात्र बेकायदा स्थलांतरितास हा मार्ग त्याच कायद्याने बंद केला आहे. जो रांगेत उभा राहतो त्याने बारा वर्षे थांबायचे आणि जो कुंपण ओलांडतो त्याचे दिवस आपोआप भरायचे, असे झाले तर कायदा पाळणारा मूर्ख ठरेल.

दुसरा युक्तिवाद कागदांचा. गरिबांकडे कागद नसतात, हे अर्धसत्य आहे. बेकायदा राहणाऱ्यांकडे पुष्कळदा कागद असतात आणि खरी चिंता तीच आहे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असे सारे काही काही हजार रुपयांत जुळवून देणारे दलाल महानगरांत उभे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील अशाच एका आरोपीचा जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही ओळखपत्रे जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्येही आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे नमूद आहे.

या दलालीची किंमत शेवटी कोण मोजतो? विलंबाने होणाऱ्या जन्मनोंदीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि एक वर्षाहून अधिक उशिराने होणाऱ्या नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून महसुली दंडाधिकाऱ्यांकडे आला. हेतू लोकांची सोय हा होता. मालेगावसह अनेक ठिकाणी या सोयीचा गैरवापर झाल्याच्या तक्रारी आल्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला असे दाखले देणे थांबवून विशेष तपास पथक नेमावे लागले आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती लागू करावी लागली. परिणामी घरातच जन्मलेल्या, नोंद नसलेल्या खेड्यातील प्रामाणिक माणसाच्या वाट्याला जादा खेटे आले. खोटा दाखला हा निरुपद्रवी कागद नसतो. तो दुसऱ्याच्या खऱ्या दाखल्याची पत घालवतो.

या प्रश्नाला टाळाटाळीचा मोठा इतिहास आहे. आसाम आंदोलनाचा भडका उडालेला असताना १९८३ मध्ये केंद्राने त्या राज्यासाठी वेगळा कायदा केला. अन्यत्र लागू असलेल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर होती. आसामात ती तक्रारदारावर टाकण्यात आली. तीन लाखांहून अधिक चौकशा झाल्या आणि प्रत्यक्षात देशाबाहेर गेले सुमारे दीड हजार लोक. अखेर जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. परकीय आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करणे हे केंद्राचे घटनात्मक कर्तव्य आहे, याची आठवण न्यायालयाला करून द्यावी लागली.

महाराष्ट्राचाही अनुभव वेगळा नाही. जुलै १९९८ मध्ये युती शासनाच्या काळात मुंबईत पकडलेल्या काही जणांना पोलिस बंदोबस्तात रेल्वेने बंगालकडे नेण्यात येत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमावाने त्यांना सोडवून नेले. तेथील सत्ताधारी डाव्या आघाडीचे म्हणणे होते, की ही माणसे भारतीय बंगाली आहेत. तो दावा खरा असू शकत होता, खोटाही असू शकत होता. परंतु असा दावा न्यायाधिकरणासमोर तपासला जातो, रेल्वेच्या फलाटावर नव्हे.

आकड्यांची कथा तर आणखी उद्बोधक आहे. जुलै २००४ मध्ये तत्कालीन गृह राज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत देशातील बेकायदा बांगलादेशीयांची संख्या एक कोटी वीस लाखांहून अधिक सांगितली आणि राजकीय दबाव येताच काही दिवसांत ती माहिती अविश्वसनीय ठरवून हात झटकले. नोव्हेंबर २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी सुमारे दोन कोटींचा अंदाज दिला. दोन्ही आकडे अंदाजच होते. जो देश शेळ्या-मेंढ्यांची गणना करतो, त्याला आपल्या भूमीवर परदेशी किती आहेत हे मोजून सांगता येऊ नये, ही कोणत्याही पक्षाच्या सरकारला शोभणारी गोष्ट नाही.

तिसरा आक्षेप असा, की ही मोहीम एका धर्माविरुद्ध आहे. मराठवाड्यातील गावागावांत पिढ्यानपिढ्या राहणारा मुसलमान या देशाचा नागरिक आहे. त्याच्या नागरिकत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही आणि अधिकार तर कुणालाच नाही. उलट, बनावट कागदांमुळे संशयाचे पहिले बोट त्याच्याकडे वळते आणि त्याचे खरे कागदही पुन्हा पुन्हा तपासले जातात. घुसखोर आणि भारतीय मुसलमान यांना एकाच पंक्तीत बसवण्याचे काम मतपेढी सांभाळणारे पुढारी करीत आले आहेत. परदेशी माणसाच्या कारवाईला ‘अल्पसंख्याकांवरील हल्ला’ म्हणणे, हा भारतीय मुसलमानाचाच अवमान आहे.

चौथा युक्तिवाद श्रमाचा. बांधकामाला, घरकामाला, भंगाराच्या धंद्याला ही माणसे लागतात, असे सांगितले जाते. कोणाला लागतात? ज्याला कमी मजुरीत जास्त तास राबवायचे आहे, त्याला. कागद नसलेला मजूर तक्रार करू शकत नाही, अपघात झाला तर भरपाई मागू शकत नाही. मुकादमाच्या उचलीत अडकलेला बीडचा ऊसतोड मजूर संघटना करू शकतो, संप करू शकतो, मतपेटीतून जाब विचारू शकतो. ठेकेदाराला नको असतो तो असाच मजूर. म्हणजे या ‘मानवतेचा’ पहिला लाभार्थी ठेकेदार आहे आणि पहिला बळी तो निराधार परदेशी मजूर, दुसरा बळी आपला.

भारत निर्दय आहे, हा आरोप तर इतिहासालाच मान्य नाही. फाळणीनंतर निर्वासित झालेल्या सिंधी बांधवांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेली बंगाली कुटुंबे गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत वसवली गेली. ती उघडपणे आली, त्यांची नोंद झाली, त्यांना जमिनी मिळाल्या. छळामुळे आलेल्याला आश्रय देणे हा राष्ट्राचा धर्म आहे. चोरवाटेने येऊन खोटे नाव धारण करणाऱ्याला तोच दर्जा देणे हा त्या धर्माचा उपहास आहे. खुद्द बांगलादेशाने म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांना कॉक्स बाजारच्या छावण्यांत ठेवले, नागरिकत्व दिले नाही.

अर्थात, कायदा मागणाऱ्यांनी कायद्याचा काटेकोरपणाही मागितला पाहिजे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे धाडण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. मे महिन्यातच केंद्रीय गृह मंत्रालयाने संशयिताच्या मूळ राज्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घेण्याची पद्धत घालून दिली होती. ती धाब्यावर बसवली गेली, तर आपलाच देशबांधव परदेशात ढकलला जातो. पोटासाठी परमुलखात जाणाऱ्याची वेदना बीड जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. भाषेवरून माणसाची पारख होऊ लागली, तर उद्या कर्नाटकातील फडात मराठी मजूरही संशयित ठरेल. अशी प्रत्येक चूक मोहिमेच्या विरोधकांच्या हातात शस्त्र देते. म्हणून राष्ट्रहिताचा आग्रह धरणाऱ्यानेच तिच्याविरुद्ध सर्वप्रथम बोलले पाहिजे.

१ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. बनावट पारपत्र किंवा व्हिसा वापरणाऱ्यास किमान दोन आणि कमाल सात वर्षांच्या शिक्षेची तरतूद त्यात आहे. आता कसोटी अंमलबजावणीची. पडताळणी मूळ राज्यात व्हावी आणि संशयिताला बाजू मांडण्याची संधी मिळावी. मात्र निर्णय ठरल्या मुदतीत लागावा. परत पाठवताना आईबापांपासून मुले तोडली जाऊ नयेत. इथे जन्मलेल्या मुलांचा कोणताही दोष नाही, परंतु ३ डिसेंबर २००४ नंतर बेकायदा स्थलांतरिताच्या पोटी जन्मलेल्यास जन्माने नागरिकत्व मिळत नाही, हा संसदेचा कायदा आहे. खोटे दाखले देणारा कारकून, ते मिळवून देणारा दलाल, शिफारसपत्र लिहिणारा नगरसेवक आणि स्वस्त मजुरांवर इमले बांधणारा ठेकेदार यांच्यावर आधी खटले भरले जावेत. गेली चाळीस वर्षे पकडला जातो तो झोपडीतला माणूस. त्याला झोपडी, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील क्रमांक देणारा हात मोकळाच राहतो.

तो हात पकडला गेला, तर सीमेवरची निम्मी वर्दळ आपोआप थांबेल. तो मोकळा राहिला, तर आज परत पाठवलेला माणूस दुसऱ्या नावाने पुन्हा येईल आणि आपल्याच मातीतला मुलगा तहसील कचेरीत आजोबांचा कागद शोधत राहील.