तो मळ नव्हे

कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्याच्या नावातही थरथरच होती. बँकेच्या नोकरीत पेन्शनच्या दिवशी आकसत गेलेल्या, वाकड्या सह्या मी पुष्कळ पाहिल्या. सही कुणालाही दिसते. याच आजाराने माणसाची कातडीही बदलते, हे मात्र पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसते.

कपाळ तेलकट दिसू लागते. भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे पिवळट पापुद्रे धरतात, कोंडा वाढतो. मग घरात कुजबुज सुरू होते, 'आजोबा हल्ली नीट आंघोळ करीत नाहीत.' हा आरोप अन्यायाचा आहे. घाम आणि त्वचेतले तेल यांचा कारभार आपल्या इच्छेवाचून चालतो आणि कंपवातात तोच बिघडतो. वाढलेल्या तेलावर त्वचेवरचीच एक बुरशी पोसते. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न या परिचारिकेला, नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचे निदानाच्या कित्येक वर्षे आधी जाणवले होते. पुढे मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मदतीने रुग्णांच्या पाठीवरच्या तेलात त्या वासाशी निगडित द्रव्ये शोधली; ते संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपण ज्याला मळ समजतो, ती आजाराचीच खूण असते.

तेव्हा घासघासून काही साधत नाही. कडक साबणाने कातडी अधिकच चिडते. कोंड्यावर तेल थापण्याची आपली जुनी सवयही इथे उलटते. ते तेल सुकलेल्या हातापायांना लावावे. चेहऱ्याला कोमट पाणी, सौम्य साबण आणि डोक्याला डॉक्टरांनी सांगितलेला बुरशीनाशक शांपू, एवढ्याने पुष्कळांना उतार पडतो. आमच्या आजऱ्याच्या पावसात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा दिवसांत काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या राहतील हे पाहावे. रुग्णाचा हात तिथवर पोहोचत नसेल तर घरच्या कुणीतरी पुसून द्यावे. लाळ गळत असेल तर ओठांचे कोपरे टिपावेत.

आंघोळीची वेळ गोळीकडे पाहून ठरवावी. तिचा अंमल चढला की हात चालतात. न्हाणीत बसायला स्टूल आणि भिंतीला धरायला दांडा असावा. दाढीला पात्याऐवजी विजेचे यंत्र बरे. अमँटाडिन घेणाऱ्यांच्या पायांवर कधी जांभळट जाळी उमटते. ती डॉक्टरांना दाखवावी, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. या आजारात मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग इतरांपेक्षा थोडा अधिक आढळतो. आपल्याकडे तो विरळाच, तरी एखादा तीळ वाढला वा त्याचा रंग पालटला तर दुर्लक्ष नको.

आणि जोवर जमते तोवर रुग्णाला आपले तोंड आपल्या हाताने धुऊ द्यावे. पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लागतील. तेवढा वेळ घरच्यांनी दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर, मुकाट्याने थांबावे.