दालन सार्वजनिक, निवड कोणाची?

दिल्लीत थंडी पडू लागली की कलाप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. खासगी गॅलऱ्यांच्या निमंत्रणपत्रिकांचा ढीग साचतो आणि त्यात एखादी पत्रिका इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसची, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची असते. सार्वजनिक संग्रहालयात समकालीन कलेचे नवे प्रदर्शन उघडते तेव्हा मला मनापासून आनंद होतो. मात्र चित्रांपाशी पोहोचण्याआधीच एक प्रश्न मनात येतो. ही निवड कोणी केली? खासगी गॅलरीत तो विचारण्याचे कारण नाही. तिथे मालकाची आवड आणि बाजाराचा कल एवढे पुरते. इथे भिंतही आपली आणि पैसाही आपलाच.

29 मार्च 1954 रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पहिली धुरा सोपवली गेली ती हर्मान गोट्झ या जर्मन कला-इतिहासकाराकडे. बडोद्याच्या संग्रहालयातील कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नव्या प्रजासत्ताकाने तज्ज्ञाची निवड करताना पारपत्र पाहिले नाही, हे आज आवर्जून आठवावेसे वाटते. पुढे 1996 मध्ये मुंबईत आणि 2009 मध्ये बेंगळूरुमध्ये शाखा सुरू झाल्या. रचना मात्र बदलली नाही. हे संग्रहालय म्हणजे सांस्कृतिक मंत्रालयाचे एक दुय्यम कार्यालय आहे. त्याला स्वतंत्र कायद्याचे कवच नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाला ते 1961 पासून आहे.

या रचनेचा अर्थ काय होतो, हे 8 फेब्रुवारी 2019 रोजी मुंबईत दिसले. प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी बोलताना अमोल पालेकर यांनी मुंबई आणि बेंगळूरु येथील स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा मुद्दा काढला. व्यासपीठावरूनच त्यांना वारंवार अडवण्यात आले, बरवे यांच्यापुरतेच बोलण्यास सांगण्यात आले. चर्चा झाली ती त्या अडवणुकीची. समित्यांचा मुद्दा मागे पडला, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर होता. कावसजी जहांगीर सभागृहाचे कलासंग्रहालयात रूपांतर व्हावे म्हणून पिलू पोचखानवाला, केकू गांधी यांच्यासारख्या मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. त्या दालनात काय लागावे याचा निर्णय दिल्लीतील फाइलवर व्हावा, हे त्या इतिहासाला धरून नाही.

दुसरी बाजूही आहे. स्थानिक समित्या कंपूशाहीपासून मुक्त असतात असे मी म्हणणार नाही. त्याच त्या मंडळींनी एकमेकांची प्रदर्शने भरवल्याची उदाहरणे कलाजगतात कमी नाहीत. संग्रहालयाकडे 17 हजारांहून अधिक कलाकृती असताना भिंती बाहेरच्या प्रदर्शनांना का द्याव्यात, ही शंकाही रास्त आहे. स्वायत्तता हा रामबाण उपाय नव्हे, याचा दाखला ललित कला अकादमी देते: 1954 मध्ये स्वायत्त म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेचा कारभार 2015 मध्ये केंद्रालाच हाती घ्यावा लागला. परंतु कंपूशाहीवर उतारा म्हणून निवडीचे सारे अधिकार मंत्रालयाकडे गेले, तर कंपू तेवढा बदलतो. 2023 मध्ये ‘मन की बात’च्या शंभराव्या भागानिमित्त जयपूर हाऊसमध्ये ‘जनशक्ती’ हे प्रदर्शन भरले. त्यात नामवंत चित्रकार होते, काही कामे चांगलीही होती. तरीही सरकारच्या कार्यक्रमावरचे प्रदर्शन सरकारच्याच दालनात पाहताना कलावंत इथे पाहुणा आहे की यजमान, हे मला उमगले नाही.

कोची बिनाले मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. 2012 पासून केरळ सरकार त्यासाठी पैसा देत आले; निवड मात्र दर वेळी कलावंतांकडेच राहिली. जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे अशा भिन्न प्रकृतीच्या कलावंतांनी ती केली. त्या व्यवस्थेतही ढिसाळपणा आहेच. 2022 मध्ये उद्घाटन ऐनवेळी पुढे ढकलावे लागले. पण त्या चुकांचा जाब कोणाला विचारायचा, हे प्रेक्षकाला ठाऊक होते.

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला विकले गेले. या बाजारात सरकारी संग्रहालय उतरू शकत नाही, उतरूही नये. त्याला परवडते ते आज चाळिशीत असलेल्या, अद्याप महाग न झालेल्या चित्रकाराचे काम विकत घेणे. त्यासाठी जोखीम उचलणारी, जाणकार आणि ठरावीक मुदतीची समिती लागते. आणि तिचे अस्तित्व मंत्रालयाच्या आदेशावर न ठेवता नियमावर ठेवावे लागते. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक नव्या प्रदर्शनाच्या प्रवेशद्वाराशी, प्रमुख पाहुण्यांच्या नावांखाली का होईना, निवड करणाऱ्यांची नावे लावावीत. त्याला एका फलकापलीकडे खर्च येणार नाही.