खातं गोठण्याआधीचा शेवटचा इशारा

यूएसडीटी या क्रिप्टो नाण्याच्या खरेदी-विक्रीत दर नाण्यामागे चार पैसे सुटतात म्हणून पी-टू-पीच्या, म्हणजे थेट माणसामाणसांतल्या व्यवहाराच्या धंद्यात उतरलेल्यांना, कमिशनच्या आशेने आपलं बँक खातं दुसऱ्याच्या हवाली केलेल्यांना आणि ‘नाणं कुठून आलं हे बघणं माझं काम नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा इशारा आहे. ते काम तुमचंच आहे. कानावर हात ठेवून यापुढे सुटका नाही.

७ मार्च २०२३ रोजी अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढून क्रिप्टोचे व्यवहार करून देणाऱ्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलं. तेव्हापासून ग्राहकाची ओळख पटवणं, नोंदी जपणं आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवणं एक्स्चेंजवर बंधनकारक आहे. हे न पाळल्याबद्दल जून २०२४ मध्ये बायनान्सला १८ कोटी ८२ लाखांचा आणि जानेवारी २०२५ मध्ये बायबिटला ९ कोटी २७ लाखांचा दंड झाला. एवढा दंड पाहिलेला धंदा तुमच्या दोन लाखांच्या व्यवहारासाठी मान अडकवून घेणार नाही. शंका आली की आधी तुमचं वॉलेट थांबवेल आणि मग तुम्हाला प्रश्न विचारेल.

ही शंका येते ती नाण्याला मिळणाऱ्या जोखमीच्या स्कोअरमधून. तुम्ही नाणी जमा केलीत की एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर ब्लॉकचेनवर मागे मागे जात त्यांचा माग काढतं. आधीचा पत्ता नोंदणीकृत एक्स्चेंजचा असेल तर जोखीम कमी. नाण्यांचा माग लपवणारा मिक्सर, डार्कनेटवरचा बाजार, खंडणीखोर व्हायरसवाले, हॅक झालेलं एक्स्चेंज किंवा निर्बंध लादलेला पत्ता मागे निघाला तर जोखीम चढते. थेट तिथून आलेलं नाणं सर्वांत वाईट. चार हात फिरून आलेलं थोडं सौम्य, पण निर्दोष नव्हे.

डाग किती, हे मोजण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. एका वॉलेटमध्ये आधी ३ चोरीची नाणी आली आणि नंतर ७ स्वच्छ नाणी आली, असं धरा. एका रीतीने त्या वॉलेटमधून निघणारं प्रत्येक नाणं ३० टक्के डागाळलेलं. दुसऱ्या रीतीने दहाच्या दहा नाणी बाद. तिसऱ्या रीतीने जे आधी आलं ते आधी गेलं असं मानायचं, म्हणजे बाहेर पडणारी पहिली तीन चोरीची. (ही तिसरी रीत इंग्लंडच्या न्यायालयाने १८१६ साली बँक खात्यांच्या एका वादात घालून दिलेली आहे.) म्हणून एका कंपनीच्या तपासणीत हिरवा दिसलेला पत्ता दुसरीकडे लाल दिसतो. तुमच्या मोबाइलवरचा हिरवा शिक्का एक्स्चेंजने मानलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

शिवाय स्कोअर त्या घडीपुरता असतो. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिटमधून सुमारे दीड अब्ज डॉलर्सचं इथर चोरीला गेलं. पुढच्या काही दिवसांत एफबीआयने चोरीतले पत्ते जाहीर करून त्यांच्याशी व्यवहार रोखण्याचं आवाहन केलं. कालपर्यंत कोरा असलेला पत्ता असा एका यादीने काळा होतो, आणि जुनी नोंद ब्लॉकचेनवरून पुसता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्कोअर नाण्याचा असतो, रुपयांचा नव्हे. तुम्ही स्वच्छ यूएसडीटी विकता आणि समोरून आयएमपीएसने पन्नास हजार येतात. पाठवणाऱ्याचं नाव पी-टू-पीवरच्या नावाशी जुळत नाही. विचारलं तर ‘भावाच्या खात्यातून टाकले’ असं उत्तर येतं. तुम्ही नाणी सोडता. तो ‘भाऊ’ म्हणजे डिजिटल अरेस्टच्या धाकाने लुबाडलेला एखादा निवृत्त शिक्षक असू शकतो. त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की रक्कम जिथे जिथे गेली ती खाती एकेक करून होल्डवर जातात. त्यात तुमचंही जातं, कधी कधी परराज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून. पगार, घराचा हप्ता, मुलांची फी सगळं अडकतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. नाव जुळत नसेल तर नाणी सोडू नका. पैसे आले त्याच खात्यात परत करा, दुसरं खातं सुचवलं तर तिकडे मुळीच पाठवू नका, आणि प्लॅटफॉर्मवर लगेच तक्रार नोंदवा.

‘तुमच्या वॉलेटची एएमएल (मनी लाँडरिंगविरोधी) तपासणी करून देतो’ म्हणणाऱ्या टेलिग्रामवरच्या दलालांपासूनही सावध राहा. तपासणीला फक्त वॉलेटचा पत्ता पुरतो. जो वॉलेट जोडायला सांगतो किंवा वॉलेटची गुप्त चावी असलेली सीड फ्रेज मागतो, तो चोर आहे.

एक्स्चेंजनाही बजावतो. स्कोअर म्हणजे निकाल नव्हे. ग्राहकाचे पैसे अडवता तर कोणत्या व्यवहारामुळे अडवले, हे त्याला लेखी सांगा, जिथे कायद्याने तोंड बांधलेलं नाही तिथे तरी. नुसता आकडा तोंडावर फेकून हात वर करणं चालणार नाही.

मनी लाँडरिंग सिद्ध झालं तर शिक्षा तीन ते सात वर्षं सक्तमजुरी. जामिनाच्या अटी कडक, आणि आरोप ठेवल्यावर पैसा गुन्ह्यातला नव्हता हे दाखवण्याचा भार आरोपीवर. तेव्हा खातं भाड्याने दिलं असेल तर वाट पाहू नका. आज बँक बंद होण्यापूर्वी शाखेत जा, एटीएम कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ती पोच घेऊन सायबर पोलिसांकडे जा. उद्या पोलीस दारात आल्यावर हीच गोष्ट सांगाल, तर ती कोणी ऐकून घेईल याची खात्री धरू नका.