डोंगराच्या माथी मारलेला दोष

साम्राज्ये डोंगरी लोकांच्या धाडींनी बुडतात, हा सिद्धान्त आपल्या इतिहासलेखनात इतका रूढ झाला आहे की, त्याचा पुरावा मागण्याची आवश्यकताही कोणास वाटेनाशी झाली आहे. सारगोनने इ. स. पूर्व २३३४ च्या सुमारास स्थापिलेले अक्कदचे साम्राज्य झाग्रोस पर्वतातील गुती टोळ्यांनी धुळीस मिळविले, असे या पक्षाचे म्हणणे. आणि तोरणमाळ-अक्राणीच्या डोंगरांत राहणाऱ्या भिल्लांनी खानदेश उजाड केला, हे त्याच सिद्धान्ताचे देशी रूप. दोन्ही ठिकाणी दप्तर लिहिणारा कारकून सपाटीवरच्या सरकारचा होता. डोंगरातल्या माणसाची कैफियत कोणी लिहून घेतलीच नाही.

गुती आले व त्यांनी राज्य केले, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो क्रमाविषयी. सारगोनचा नातू नरामसिन याच्याविरुद्ध किश, उरुक आदी नगरांनी बंड केले, ते गुतींचे वर्चस्व बसण्यापूर्वीच. त्याचा पुत्र शरकलीशर्री याच्यामागून गादीस इतके वारस निघाले की, सुमेरी राजावली रचणाऱ्यालाही राजा कोण हे ठरविता येईना. इ. स. पूर्व २२०० च्या सुमारास तर उत्तरेकडील कोरडवाहू मुलखात दीर्घ अवर्षण पडल्याच्या खुणा तेल लैलानच्या उत्खननात मिळाल्या आहेत. अक्कदच्या शापाचे सुमेरी काव्यसुद्धा मूळ अपराध नरामसिनने केलेल्या देवालयभंगाचा मानते आणि गुतींना केवळ दंडाचे साधन समजते! पुढे उरच्या राज्याचीही हीच गत झाली : इब्बीसिनच्या काळी धान्य महागले, ते खरेदी करण्यास पाठविलेला इश्बी-एर्रा इसिन येथे स्वतंत्र होऊन बसला, आणि मग इ. स. पूर्व २००४ च्या सुमारास एलामी फौज उरात शिरली.

खानदेशाची हकीकत अधिक जवळची, म्हणून अधिक क्लेशदायक. फारुकींची सल्तनत १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेल्याने संपली. तिच्या अंतास भिल्ल कारण नव्हते. १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी प्रांत लुटला, त्यामागून १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि गावेच्या गावे उठली. गावाची राखण करणारा जागल्या बहुधा भिल्लच असे, व त्याचा हक्क रयतेच्या धान्यातून चाले. रयतच परागंदा झाल्यावर तो हक्क कोण देणार? ज्या तोरणमाळावर गोरखनाथाच्या दर्शनास महाशिवरात्रीला आजही खालचा मुलूख चढून जातो, त्याच्या रहिवाशांना त्या मुलखाचे जन्मजात वैरी ठरविणे हा उघड अन्याय आहे.

माझा पक्ष एवढाच की, राज्य टिकते ते धान्याच्या व हक्कांच्या बंदोबस्तावर. तो मोडला म्हणजे धाडी पडतात. १८१८ नंतर कंपनी सरकारने आधी सैन्य धाडून पाहिले, आणि शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने याच भिल्लांची पगारी पलटण उभारून खानदेशाची राखण त्यांच्याकडे दिली.